खेळाडूची कारकीर्द मराठीत कशी लिहावी : ग्रीसच्या कोस्तास कात्सुरानिसचे उदाहरण

परदेशी फुटबॉलपटूची कारकीर्द मराठीत लिहायला घेतली की क्लबांची नावे, सामन्यांचे आकडे आणि करंडकांची यादी एवढा ऐवज सहज हाती येतो, आणि तो क्रमाने मांडला म्हणजे लेख पुरा झाला असे वाटू लागते. असा लेख वाचून तो माणूस मैदानावर नेमके काय करत होता, त्याला कोणी आणि कशासाठी संघात घेतले, यांपैकी काहीच वाचकाच्या पदरात पडत नाही. आघाडीच्या खेळाडूच्या बाबतीत गोलांची संख्या निदान थोडेफार सांगते. बचावाला लागून खेळणाऱ्या मध्यरक्षकाच्या बाबतीत ती जवळजवळ काहीच सांगत नाही. म्हणून या मार्गदर्शनासाठी मी मुद्दाम कोस्तास कात्सुरानिस या ग्रीक खेळाडूची निवड केली आहे. तो २००४ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत विजेत्या ग्रीक संघाच्या मधल्या फळीत होता आणि २०१४ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत एफसी पुणे सिटीकडून खेळला. ज्याचा खेळ मराठी प्रेक्षकांनी स्वतः मैदानात बसून पाहिला, त्याची कारकीर्द मराठीत नीट लिहिली गेली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आधी सांगाडा

पहिले काम म्हणजे वर्षांचा तक्ता तयार करणे. कात्सुरानिसचा जन्म २१ जून १९७९ रोजी पात्रास या शहरात झाला. त्याच शहरातील पानाखाइकी या क्लबकडून तो १९९६ पासून २००२ पर्यंत खेळला. त्यानंतर २००२ ते २००६ अथेन्सचा एईके, २००६ ते २००९ लिस्बनचा बेनफिका, २००९ ते २०१२ अथेन्सचाच पानाथिनाइकोस, २०१२ ते २०१४ थेसालोनिकीचा पाओक, २०१४ च्या उत्तरार्धात पुणे, आणि २०१५ मध्ये आधी अथेन्सचा अत्रोमितोस व नंतर मेलबर्नचा हायडेलबर्ग युनायटेड, असा त्याचा प्रवास आहे.

हा तक्ता करताना हंगाम आणि वर्ष यांची गल्लत होऊ देऊ नये. युरोपातील हंगाम साधारणपणे ऑगस्टमध्ये सुरू होऊन पुढील वर्षीच्या मे महिन्यात संपतो, त्यामुळे तो ‘२००२–०३’ असाच लिहावा. इंडियन सुपर लीगचा पहिला हंगाम मात्र १२ ऑक्टोबर २०१४ ला सुरू होऊन २० डिसेंबरला संपला, आणि त्यातील साखळीत प्रत्येक संघाच्या वाट्याला १४ सामने आले. ‘पुण्यात एक हंगाम’ आणि ‘बेनफिकात एक हंगाम’ हे शब्द सारखे दिसले, तरी एकात सव्वादोन महिने आहेत आणि दुसऱ्यात जवळपास दहा. वाचकाला हा फरक लेखकानेच सांगायचा असतो. हंगामाचे भान सुटले की श्रेयही चुकीच्या खात्यावर पडते. एईकेने २००२ चा ग्रीक करंडक जिंकला खरा, पण तो वसंतात. कात्सुरानिस संघात आला त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात. फक्त ‘२००२’ एवढेच टिपून ठेवणारा लेखक तो करंडक त्याच्या नावावर सहज लिहून बसेल.

आकड्यांबाबत एक शिस्त पाळावी. क्लबकडून खेळलेले सामने आणि देशाकडून खेळलेले सामने यांची बेरीज करू नये, आणि क्लबचा आकडा देताना तो केवळ साखळी सामन्यांचा आहे की करंडकाचे व युरोपीय स्पर्धांचे सामने धरून आहे, हे त्याच वाक्यात स्पष्ट करावे. कात्सुरानिसने ग्रीसकडून २००३ ते २०१५ या काळात ११६ सामने खेळून १० गोल केले. त्याचा दीर्घकाळचा सहकारी योर्गोस कारागुनिस याचे १३९ सामने आहेत आणि गोल तेवढेच, १०. गोलांचा आकडा एकच असला तरी कारागुनिस चेंडू पायात घेऊन खेळ रचणारा, फ्री किक घेणारा खेळाडू होता, तर कात्सुरानिस समोरच्याने रचलेला खेळ उधळून लावणारा. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले, की कारकीर्दीचा लेख आकड्यांवर उभा करण्यात काय धोका आहे ते लगेच ध्यानात येते.

ग्रीक नावांचे मराठी लेखन एकदा ठरवावे आणि लेखभर तेच ठेवावे. इंग्रजी स्पेलिंगवरून अंदाजाने लिहिण्यापेक्षा एखादे ग्रीक भाषेतील समालोचन ऐकून उच्चार टिपणे केव्हाही चांगले. खेळाडूसाठी एकवचन आणि प्रशिक्षकासाठी आदरार्थी अनेकवचन ही मराठी क्रीडापानांची जुनी रीत आहे, आणि ती पाळल्यास वाचकाला कोठेही अडखळायला होत नाही.

क्लब म्हणजे नुसते नाव नव्हे

तक्त्यातील प्रत्येक क्लबाविषयी निदान एवढे शोधावे, की तो कोणत्या शहराचा आहे, कोणी स्थापन केला आणि त्या देशाच्या फुटबॉलमध्ये त्याचे स्थान काय. ग्रीक फुटबॉलच्या बाबतीत ही माहिती टाळून चालतच नाही. पानाखाइकी हा पेलोपोनीजमधील बंदराच्या शहराचा, १८९१ इतक्या जुन्या मुळांचा क्लब. अथेन्स, पिरेयस आणि थेसालोनिकी यांच्या सावलीत राहूनही तो १९७३–७४ मध्ये यूईएफए कप या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेत खेळला होता. अशा क्लबात वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत राहिलेला खेळाडू हा राजधानीतील मोठ्या क्लबाच्या युवा संघातून वर आलेल्या खेळाडूपेक्षा वेगळ्या वाटेने आलेला असतो, आणि देशाच्या संघात त्याचा प्रवेश चोविसाव्या वर्षी, म्हणजे काहीसा उशिरा का झाला, याचे एक कारण त्या वाटेत सापडते.

एईके आणि पाओक ही दोन्ही नावे आद्याक्षरांची बनलेली आहेत, आणि त्यांतील शेवटचे ‘के’ हे अक्षर कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजच्या इस्तंबूल, या शहराचे आहे. १९१९ ते १९२२ च्या ग्रीक-तुर्की युद्धानंतर आणि लोकसंख्येच्या अदलाबदलीनंतर लक्षावधी ग्रीक निर्वासित होऊन ग्रीसमध्ये आले, आणि त्यांच्यापैकी मंडळींनी अथेन्समध्ये १९२४ साली एईके व थेसालोनिकीत १९२६ साली पाओक स्थापन केले. पानाथिनाइकोस मात्र १९०८ पासून अथेन्सचा. अथेन्समधील दोन मोठ्या क्लबांत खेळून पुढे थेसालोनिकीलाही जाणे म्हणजे तीन वेगवेगळ्या प्रेक्षकवर्गांच्या अपेक्षा आणि रोष अंगावर घेणे. त्या देशात क्लबनिष्ठा किती तीव्र असते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातील वजन वेगळे सांगावे लागणार नाही. मराठी वाचकाला मात्र ते सांगायला हवे.

भूमिका कशी ओळखावी

लेखाचा गाभा येथे आहे आणि सर्वाधिक वेळही येथेच द्यावा. गोलांच्या तुकड्यांची चित्रफीत पाहून बचावात्मक मध्यरक्षकाविषयी लिहू नये, कारण अशा चित्रफितीत तो बहुधा नसतोच. पूर्ण सामना मिळवावा आणि तो दोनदा पाहावा. पहिल्यांदा सामना म्हणून पाहावा. दुसऱ्यांदा चेंडूकडे दुर्लक्ष करून केवळ त्या खेळाडूकडे पाहावे. तो कोणाच्या जवळ उभा राहतो, आपला बाजूचा बचावपटू पुढे धावला की त्याची जागा कोण भरतो, चेंडू हिसकावल्यावर तो किती वेळा पायात ठेवतो आणि किती वेळा लगेच सोडतो, कॉर्नरच्या वेळी तो दोन्ही टोकांना कोठे असतो, अशा गोष्टी कागदावर टिपाव्यात. सामन्यातील दहा-दहा मिनिटांचे भाग करून नोंदी केल्या तर नंतर त्यांवरून वाक्ये लिहिणे सोपे जाते.

यासाठी २००४ ची युरो स्पर्धा उत्तम शाळा आहे. १२ जूनला पोर्टो येथे यजमान पोर्तुगालविरुद्धच्या सलामीच्या सामन्यात कारागुनिसने सातव्या मिनिटाला गोल केला आणि ग्रीसने २–१ असा विजय मिळवला. कात्सुरानिस त्या सामन्यात सुरुवातीपासून नव्हता. मध्यंतरानंतर कारागुनिसच्या जागी तो उतरला. आघाडीवर असलेल्या संघाने खेळ रचणाऱ्याला बाहेर काढून खेळ अडवणाऱ्याला आत घेतले, हा प्रशिक्षक ओटो रेहागेल यांचा निर्णय. या एका बदलातून कात्सुरानिसचे संघातील काम वाचकाला जितके कळते, तितके अर्ध्या पानाच्या वर्णनातूनही कळणार नाही. लेखकाने अशाच जागा शोधायच्या असतात.

त्यानंतर स्पेनशी १–१ बरोबरी झाली, रशियाकडून १–२ असा पराभव झाला, आणि गुण, परस्परांतील निकाल व गोलफरक या तिन्हींत स्पेनशी बरोबरी असतानाही अधिक गोल केल्यामुळे ग्रीस पुढे गेला. बाद फेरीतील तिन्ही सामने ग्रीसने १–० असेच जिंकले : २५ जूनला लिस्बनमध्ये फ्रान्सविरुद्ध हारिस्तेयासचा गोल, १ जुलैला पोर्टोत चेक प्रजासत्ताकाविरुद्ध देलासचा, आणि ४ जुलैच्या अंतिम सामन्यात पुन्हा पोर्तुगालविरुद्ध ५७ व्या मिनिटाला कॉर्नरवरून हारिस्तेयासचा. या तिन्ही सामन्यांत कात्सुरानिस सुरुवातीपासून मैदानावर होता. कारागुनिस मात्र पिवळ्या कार्डांमुळे अंतिम सामन्याला मुकला. गोल करणाऱ्यांची नावे इतिहासात राहिली आणि ती राहायलाच हवीत. पण तीन बाद सामन्यांत एकही गोल न स्वीकारणे हे काम गोलरक्षक निकोपोलिदिस, चार बचावपटू आणि त्यांच्यापुढे उभ्या असलेल्या मध्यरक्षकांचे होते. कात्सुरानिसवरील लेखात या स्पर्धेचे वर्णन करताना केंद्रस्थानी हा बचाव असला पाहिजे.

जुन्या सामन्यांविषयी लिहिताना त्या वेळचे नियमही सांगावे लागतात. चेक प्रजासत्ताकाविरुद्धचा उपांत्य सामना जादा वेळेचा पूर्वार्ध संपताच थांबला, कारण तेव्हा ‘सिल्व्हर गोल’चा नियम लागू होता : जादा वेळेचा पहिला भाग संपताना जो संघ पुढे असेल तो विजयी. देलासचा हेडर त्या भागाच्या अगदी शेवटच्या क्षणी जाळ्यात गेला आणि प्रतिस्पर्ध्याला उत्तर द्यायला वेळच उरला नाही. हा नियम न सांगता नुसता निकाल लिहिला, तर आजच्या तरुण वाचकाला उरलेली पंधरा मिनिटे कोठे गेली असा प्रश्न पडेल.

भूमिका कायम एकच राहते असेही गृहीत धरू नये. ८ जून २०१२ रोजी वॉर्सा येथे पोलंडविरुद्धच्या युरो स्पर्धेच्या सलामीला ग्रीसचा एक मध्यवर्ती बचावपटू जखमी होऊन बाहेर गेला आणि दुसऱ्याला मध्यंतरापूर्वीच लाल कार्ड मिळाले. तेव्हा कात्सुरानिस मागे सरकून बचाव फळीत उभा राहिला. दहा जणांच्या ग्रीसने मध्यंतरानंतर बरोबरी साधली आणि सामना १–१ असा सुटला. वयाच्या तेहतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेला खेळाडू सामना चालू असताना दुसरी जागा सांभाळू शकतो, ही त्याच्या खेळाच्या समजेची मोठी खूण आहे आणि कोणत्याही आकडेवारीत ती दिसत नाही.

माणसांचा धागा

बदल्यांची कारणे शोधताना पैशांच्या आकड्यांआधी प्रशिक्षकांची नावे तपासावीत. फर्नांदो सांतोस हे पोर्तुगीज प्रशिक्षक २००४ ते २००६ एईकेमध्ये होते; २००६ मध्ये ते बेनफिकाला गेले आणि त्याच उन्हाळ्यात कात्सुरानिसही तेथे पोहोचला. पुढे २०१० ते २०१४ सांतोस ग्रीसच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते आणि २०१२ ची युरो व २०१४ चा विश्वचषक या दोन्ही स्पर्धांत कात्सुरानिस त्यांच्या संघात होता. हा धागा हाती लागला, की यादीतील तुटक नोंदी एकमेकींशी बोलू लागतात. बेनफिकाचे घरचे मैदान एस्तादियो दा लुझ, म्हणजे २००४ च्या अंतिम सामन्याचेच मैदान. जेथे पोर्तुगालच्या प्रेक्षकांना त्याने रडवले, तेथेच दोन वर्षांनी तो घरचा खेळाडू म्हणून उतरू लागला, आणि पहिल्या हंगामात कारागुनिसही त्याच्यासोबत त्याच क्लबात होता.

यश आणि अपयश

करंडकांची यादी द्यावी, पण तिच्यावर विसंबू नये. एईकेच्या चार वर्षांत कात्सुरानिसला एकही करंडक मिळाला नाही. तरीही २००२–०३ च्या चॅम्पियन्स लीगमध्ये रेआल माद्रिद, रोमा आणि गेंक यांच्या गटात एईकेने सहाच्या सहा सामने बरोबरीत सोडवले, आणि माझ्या दृष्टीने त्या मोहिमेचे मोल एखाद्या देशांतर्गत करंडकाहून कमी नाही. बेनफिकात २००८–०९ चा लीग कप एवढेच यश हाती लागले. पानाथिनाइकोसबरोबर २००९–१० मध्ये लीग आणि करंडक असे दुहेरी विजेतेपद मिळाले, आणि त्यातील लीग विजेतेपदाने पिरेयसच्या ऑलिंपियाकोस क्लबाची सलग पाच विजेतेपदांची मालिका खंडित झाली.

अपयशाविषयी लिहिताना ते लपवू नये आणि त्यावर प्रवचनही देऊ नये. २०१४ च्या विश्वचषकात १९ जूनला नाताल येथे जपानविरुद्ध कात्सुरानिस कर्णधार होता आणि ३८ व्या मिनिटाला दुसरे पिवळे कार्ड मिळून बाहेर गेला. दहा जणांच्या ग्रीसने सामना ०–० असा राखला. पुढच्या सामन्यात तो निलंबित असताना आयव्हरी कोस्टवर २–१ असा विजय मिळाला आणि ग्रीस प्रथमच विश्वचषकाच्या बाद फेरीत गेला. तेथे कोस्टा रिकाकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हार झाली. घटना अशा क्रमाने आणि नेमक्या शब्दांत मांडल्या, की निर्णय वाचक स्वतः करतो. खेळाडू हयात आहे, म्हणून त्याचे कुटुंब, आजार किंवा खासगी व्यवहार यांविषयी ऐकीव काहीही लिहू नये. मैदानावर आणि अधिकृत नोंदींत जे घडले तेवढेच आपले क्षेत्र.

पुण्याचे पर्व

अशा खेळाडूंच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध लेखक बहुधा एका ओळीत संपवतात. कात्सुरानिसच्या बाबतीत मराठी लेखकाने तसे मुळीच करू नये, कारण जगातील इतर कोणत्याही भाषेतील लेखकापेक्षा या भागाची सामग्री आपल्याला अधिक जवळ आहे. पुण्याच्या संघाचे प्रशिक्षक इटलीचे फ्रँको कोलोम्बा होते आणि संघाचा सर्वांत प्रसिद्ध चेहरा होता फ्रान्सचा दाविद त्रेझेगे. २५ जून २००४ रोजी लिस्बनमध्ये ग्रीसने फ्रान्सला हरवले तेव्हा त्रेझेगे फ्रान्सच्या आघाडीत होता आणि कात्सुरानिस ग्रीसच्या मधल्या फळीत. दहा वर्षांनी दोघे एकाच रंगाच्या कपड्यांत श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलाच्या मैदानावर उतरले. मुंबईकडून ०–५ असा जबर पराभव पत्करल्यानंतर पुण्याने २६ ऑक्टोबरला घरच्या मैदानावर गोव्याला २–० असे हरवले, आणि ते दोन गोल या दोघांचेच होते. पुणे त्या हंगामात आठ संघांत सहावे राहिले. पुढे २०१९ मध्ये तो क्लबच बंद झाला, त्यामुळे त्याचे अधिकृत दस्तऐवज आता सहज मिळतील असे धरून चालू नये.

म्हणूनच येथे थोडे कष्ट घ्यावेत. पुणे, मुंबई आणि गोवा येथील ऑक्टोबर ते डिसेंबर २०१४ ची दैनिके ग्रंथालयांतून काढून प्रत्येक घरच्या सामन्याचा वृत्तान्त वाचावा, आणि संघरचना व गोलांची वेळ किमान दोन वृत्तान्तांत जुळते का ते पाहावे. त्या संघातील भारतीय खेळाडूंपैकी कोणी बोलण्यास तयार असेल, तर सरावात कात्सुरानिस तरुण मध्यरक्षकांना काय सांगत असे, त्यांना कोठे उभे करत असे, हे विचारावे. ‘तो कसा होता’ या मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर मिळते. प्रेक्षकांच्या आठवणी घेताना तारीख आणि सामना विचारून त्या वृत्तान्ताशी ताडून पाहाव्यात, कारण अनेक वर्षांनंतर दोन सामने एकात मिसळणे स्वाभाविक आहे. मेलबर्नमधील हायडेलबर्ग युनायटेड हा तेथील ग्रीक स्थलांतरितांनी उभा केलेला क्लब; त्या शहरात मराठी मंडळीही पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणी स्थानिक वृत्तपत्रांतील २०१५ ची कात्रणे मिळवून दिली, तर कारकिर्दीचे शेवटचे पानही मूळ नोंदींवरून लिहिता येईल.